सव्वादहापर्यंतचे पाहुणे

मॅमथच्या दाताला वास येत नाही. मी हुंगून पाहिला आहे.

कॅप्टन केटेल्सन झोपेत डावीकडे कलतो. त्याची फेरीबोटही डावीकडेच कलायची.

माझ्या तळघरात, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे, एक फ्रेम भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

दर सत्राला भरायच्या अर्जात एक रकाना असतो: शिक्षणाचं उद्दिष्ट. मी त्यात आडवी रेघ मारते.

आज जिथं समुद्र तीस मीटर खोल आहे, तिथं हेझलनटची राई होती. कुणीतरी तिच्या सावलीत बसून कवचं फोडत होतं.

१०.००

वेळापत्रकात आमचा वर्ग मंगळवारी दहाला असतो. सुरू होतो सव्वादहाला. विद्यापीठात सगळंच असं पाव तास उशिरा सुरू होतं, जुनी रीत आहे, आणि मधली पंधरा मिनिटं कुणाचीच नसतात. तरुण मुलं तेवढ्यात अजून थोडं झोपून घेतात. आम्ही मात्र पावणेदहालाच पहिल्या रांगेत बसलेलो असतो, कोट खुर्चीच्या पाठीवर, थर्मास पायाशी.

आम्ही म्हणजे पाहुणे. कार्यालय आम्हाला पाहुणे श्रोते म्हणतं. यायचं, ऐकायचं, जायचं. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही. आम्ही सहा जण आहोत. सहा जणांचे मिळून बारा गुडघे, त्यातले पाच धातूचे. मी टेल्झे ब्रोडर्सन. दातांच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं कवळ्या केल्या. या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या हातचं हसतात. माझ्या शेजारी कॅप्टन मोम्मे केटेल्सन. त्याची वरची कवळी माझीच.

विषय एकच, सहा वर्षं तोच: उत्तर समुद्राखाली बुडालेली जमीन. डॉक्टर आस्मुसेन पडदे ओढतात, भिंतीवर निळा नकाशा येतो, आणि ते एकेक शतक मागं जात त्यातला निळा रंग कमी करत नेतात. त्यांचा आवाज संथ आहे, ओहोटीसारखा. थोड्या वेळानं मला वर्गाची फरशी दिसेनाशी होते. पायाखाली पीटची, दलदलीतली मऊ काळी माती लागते. बाकांच्या मधून एक हरीण जातं, थांबतं, कॅप्टनच्या डोक्यावर श्वास सोडून पुढं जातं. कुठंतरी नदी आहे, तिचं नाव अजून कुणी ठेवलेलं नाही. मी चालत राहते. मला कुणी काही विचारत नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

१०.०४

नोव्हेंबरातला मंगळवार. डॉक्टर आस्मुसेन त्या दिवशी दहालाच आले, म्हणजे काहीतरी वाईट होतं. त्यांनी पिशवी न उघडताच सांगितलं की एप्रिलच्या सत्रापासून नवा नियम आहे. ज्या वर्गात एकही नियमित विद्यार्थी नाही, तो वर्ग चालणार नाही. पाहुणे मोजले जात नाहीत.

आमच्यातल्या एकीनं विचारलं, आम्ही सहा वर्षं बसतोय ते कशात धरतात? डॉक्टर म्हणाले, उपस्थितीत धरतात, संख्येत नाही.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, स्वेआ लोरेन्त्सेन बसली होती. वय वीस, ओले केस, सायकलचं हेल्मेट मांडीवर. आमच्या वर्गातली एकमेव नियमित विद्यार्थिनी. दर मंगळवारी डॉक्टर एक प्रश्न विचारत, तो फक्त तिला. नियमितांना विचारावं लागतं, त्यावर गुण असतात. ती बरोबर उत्तर द्यायची आणि खिडकीबाहेर बघायची.

“पोरी,” कॅप्टन म्हणाला, “तू शिंकलीस ना, तर आम्ही सहाही जण न्यूमोनियानं मरू. मफलर घालत जा.”

पुढच्या मंगळवारी तिला मफलर मिळाला. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरा. मग केक सुरू झाले: सफरचंदाचा, खसखशीचा, एकदा तर तीन थरांचा, बसमधून मांडीवर धरून आणलेला. कुणीतरी तिच्या सायकलला नवा दिवा बसवला. कधी कुठल्या मंगळवारी ती यायची राहिली, तर आम्ही दाराकडे असं बघायचो, जसं बोट लागायच्या धक्क्यावर माणसं बघतात.

१०.०८

जानेवारी. बाहेर धुकं इतकं की खिडकीत नुसता दूध सांडल्यासारखा पांढरा रंग. स्वेआ लवकर आली आणि तिसऱ्या रांगेत न जाता माझ्याशेजारी बसली. कॅप्टन पलीकडे झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

तिनं हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडेला डांबर होतं, अंगठ्यावर तासणीचा ताजा काप. हातांवरून माणूस ओळखायची मला सवय आहे. हे हात पंधरा दिवसांत बदलले होते. नाताळच्या सुट्टीत ती खाडीपलीकडच्या एका होड्यांच्या कारखान्यात मदतीला गेली होती. तिथं लाकडी होड्या बांधतात. म्हातारा मालक तिला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होता, फेब्रुवारीपासून. करारावर शुक्रवारी बारापर्यंत सही करायची होती.

ती हे सगळं नकाशाकडे बघत सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज असा झाला की मला वाटलं, ती आत्ता इथं नाहीच, कुठल्यातरी ओल्या फळीवरून हात फिरवतेय.

“मग सही का नाही केलीस?”

“केक,” ती म्हणाली.

मला हसू फुटलं.

“हसू नका ब्रोडर्सनबाई. तीन मफलर आहेत माझ्याकडे. मी गेले तर तुमचा मंगळवार जाणार. दर वेळी ठरवते, आज सांगायचं, आणि कॅप्टन माझ्यासाठी दार धरून उभे असतात.”

एक वाक्य पुरलं असतं. हे वर्ष तरी पूर्ण कर, एवढंच. माझ्या वयाच्या बाईनं शांत आवाजात म्हटलं की ते शहाणपणाचं वाटतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. मी डोळे मिटले, तर राईत पाणी चढत होतं. हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या, कुणाला घाई नसल्यासारखं. हेझलनटची झाडं गुडघाभर पाण्यात उभी. हरीण मान वर करून माझ्याकडे बघत होतं.

आणि मग ते मुलीचे हात. मी पंधरा वर्षांची असताना वडिलांनी मला त्या प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. मला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं.

“शुक्रवारी बारा म्हणालीस?”

“हो.”

“मग आजचा केक नीट खा. शेवटचा आहे.”

पलीकडून कॅप्टन डोळे न उघडता म्हणाला, “दार मी जाणाऱ्यांसाठीपण धरतो.”

१०.११

ही मिनिटं तळघरातली. मंगळवार नव्हता, पण घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटंच झाली होती, ते मी पाहिलं.

बरण्या बाजूला करून मी फ्रेम उलटी केली. माझी सनद: दंततंत्रातली मास्टर कारागीर. आमच्याकडे अशी सनद असली की शाळेची शेवटची परीक्षा नसली तरी विद्यापीठात नियमित प्रवेश मिळतो. मला हे सहा वर्षं माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कॅप्टनलाही नाही.

कारण नियमितांना प्रश्न विचारतात.

या सनदेसाठीच्या तोंडी परीक्षेला मी पहिल्यांदा नापास झाले. साल १९८१. तीन परीक्षक, हिरव्या कापडावर ठेवलेला एक दात, आणि एक प्रश्न. मी अकरा मिनिटं उभी होते. तोंडातून शब्द निघाला नाही. दुसऱ्या वर्षी कशीबशी सुटले, पण तेव्हापासून कुणी समोर बसून उत्तराची वाट बघायला लागलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून तर मी पाहुणी झाले. ऐकायचं आणि कुणाला काही देणं लागायचं नाही, याहून मोठं सुख मला मिळालेलं नाही.

मी फ्रेम फडक्यानं पुसली आणि बसनं कार्यालयात गेले. खिडकीमागं विणलेलं जाकीट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी सनद दोन्ही बाजूंनी पाहिली.

“कोणती पदवी घेणार?”

“पदवी नकोय. वर्ग हवाय.”

“रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“आडवी रेघ मारली तर?”

“आडवी रेघ पाहुण्यांची असते, ब्रोडर्सनबाई.”

मी लिहिलं: प्रागितिहास, पदवी. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं. त्यांनी शिक्का मारला आणि विचारलं, वसतिगृहाचा अर्ज हवा का?

१०.१४

एप्रिलचा पहिला मंगळवार. पहिल्या रांगेत पाच जण, पायाशी थर्मास. मी तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसले. तिथली खुर्ची तरुण माणसाच्या पाठीसाठी केलेली होती.

कॅप्टन मागं वळला. “टेल्झेबाई, आता तुम्ही आमच्यात नाही. तुमच्यासाठी केक आणावा लागणार.”

“खसखशीचा,” मी म्हणाले.

“आणि शिंकू नका.”

खिडकीबाहेर खाडी होती. पलीकडच्या काठावर ठोकल्याचा आवाज येत होता, लाकडाचा असावा. इतक्या लांबून येणं शक्य नाही, हे मला ठाऊक आहे.

१०.१५

डॉक्टर आस्मुसेन आले. त्यांनी पडदे ओढले, नकाशा लावला. निळा रंग ओसरायला लागला. मी पायाखालच्या मऊ मातीची वाट पाहत होते, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून तो मॅमथचा दात काढला, मासेमाराच्या जाळ्यात मिळालेला, पावाच्या लादीएवढा, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत चालत आले.

त्यांनाही हे अवघड जात होतं, ते त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. पण एक प्रश्न विचारावाच लागतो.

“ब्रोडर्सनबाई, हा दात वरच्या जबड्यातला की खालच्या?”

जीभ टाळूला चिकटली. पहिल्या रांगेतल्या पाचही माना सरळ समोर होत्या; कुणी मागं बघत नव्हतं, मला त्रास होऊ नये म्हणून. भिंतीवर समुद्र थांबला होता. हेझलनटची राई, नदी, आणि काठावर ते हरीण, तेही वाट बघत होतं.

डॉक्टरांनी दात माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलला. जड होता, गार होता. चावायच्या बाजूवरून अंगठा फिरवला, मागून पुढं, जसा रोज फिरवायचे. अंगठा मधे खाली उतरला आणि पुन्हा वर आला. होडीच्या पोटासारखा खोलगट; वरचा असता तर फुगीर लागला असता.

“खालचा,” मी म्हणाले.

आमच्याकडे तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाक ठोकतात. तास सुरू होऊन तीन मिनिटंही झाली नव्हती. तरी पहिल्या रांगेत कुणीतरी ठोकायला लागलं, डावीकडं कललेलं.

१९८१ साली त्या हिरव्या कापडावर ठेवलेला दात वरचा उजवा सुळा होता, आणि मला तो तेव्हाही ओळखता आला होता.