आईला कुठे ठेवायचं

पत्र आलं तेव्हा इव्हान्थिया वाटाणे सोलत बसली होती. 'आपल्या वेबसाइटवरील फोटो व व्हिडिओंचा पाहुणचार महिनाअखेर बंद होत आहे. कृपया अन्यत्र सोय करावी.' आमच्या ग्रीक भाषेत वेबसाइटला जागा देण्यालाही पाहुणचारच म्हणतात, त्याला कोण काय करणार! वाचणाऱ्याला वाटावं, भरल्या ताटावरून उठवलं.

एपिरसच्या डोंगरातल्या आमच्या ग्राममंडळाची ती बिनपगारी चिटणीस. वेबसाइटवर गावाची वीस वर्षांची लग्नं, जत्रा आणि बर्फ साठलेला. ते सगळं वाहून गेलं असतं तरी तिने मनाला फार लावून घेतलं नसतं. पण त्यातच चार मिनिटांचा एक व्हिडिओ होता. तिची आई, आता हयात नसलेली, लांब लाटण्याने पीटाच्या, म्हणजे आमच्या थराथरांच्या खाऱ्या पाईच्या, पाऱ्या लाटते आहे, एक शब्दही न बोलता. मेलबर्नच्या वृद्धाश्रमातली थोरली बहीण अरेती रोज संध्याकाळी तो बघायची, आणि तो बघितला तरच जेवायची. एरवी तिला स्वतःच्या मुलांची नावंही आठवत नसत.

इव्हान्थियाने शोधाशोध केली आणि डोक्याचं पार भजं करून घेतलं. एक कंपनी फोटो बारीक करून ठेवणार. दुसरी म्हणे, वर्षभर कोणी डोकावलं नाही तर सगळं पुसून टाकणार. तिसरी फुकट, पण मध्ये जाहिराती घुसवणार. चौथीच्या अटी तिने तीनदा वाचल्या आणि तिन्ही वेळा वेगळाच अर्थ लागला.

शेवटी ती कॉफीच्या दुकानात गेली. मंडळाचा अध्यक्ष थ्रासीवुलोस तिथे सोंगट्या खेळत होता.

"अध्यक्ष, आईला कुठे ठेवू?"

"कुठे म्हणजे? आहे की स्मशानात, माझ्या म्हातारीच्या शेजारी. भांडल्या की काय दोघी?"

"व्हिडिओतली आई हो!"

"मग ठेव फुकटात."

"फुकटवाले आधी जाहिरात दाखवतात."

"दाखवू देत. चर्चमध्ये पण आधी मेणबत्त्या विकणारा भेटतो, देव नंतर."

"आणि पत्ता बदलणार त्याचं काय? अरेतीला सापडलीच नाही आई, तर?"

"अगं, हल्ली म्हणे ढगात ठेवतात. दे ठेवून ढगात."

"ढग कुणाचा, तेच तर ठरत नाहीये ना, बाबा!"

"मग मला कशाला विचारतेस? मला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही," असं म्हणून त्याने फासे टाकले.

मुदतीच्या आदल्या दिवशी तिने फुकटवाली कंपनी निवडली. विचार करून नव्हे, दमून. नवा पत्ता वृद्धाश्रमातल्या नर्सला पाठवला आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मेलबर्नला संध्याकाळ झाली होती.

"इव्हान्थिया, आई बोलली!" अरेती ओरडत होती.

"काय? कुठे बोलली?"

"आत्ता, इथे! आधी नेहमीसारखी गप्प लाटत बसली. मग आत गेली, लाल स्वेटर घालून आली, आणि काय बोलायला लागली गं! मला म्हणाली, पोरी, तेल जरा हात राखून घाल."

इव्हान्थियाने घाईघाईने कंप्युटर लावला. आईची चार मिनिटं संपली आणि काही न विचारता पुढचा व्हिडिओ सुरू झाला. कुठल्या तरी गावची, लाल स्वेटरातली एक जाडजूड बाई पाऱ्या लाटत होती आणि सगळ्या जगाला पोरी-पोरी करत होती. कोण कुठली भवानी! तिच्या आईने वडील गेल्यापासून काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. इव्हान्थियाला रागाने रडू फुटलं. पुढचा व्हिडिओ आपोआप लागू नये म्हणून एक खूण काढायची होती, तीही तिला सापडली. एक बोट दाबायचा अवकाश.

"किती वर्षांनी मला पोरी म्हणाली," फोनमध्ये अरेती हसत होती. "आज दोनदा वाढून घेतलं मी."

इव्हान्थियाचं बोट तसंच राहिलं. हे बरं झालं की वाईट, तिला काही केल्या कळेना. पडद्यावरची बाई हात पुसत कुणाला तरी रागावत होती, लाडाने.

"अरेती," तिने हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का गं आई?"