सगळ्या एकसारख्याच नळ्या

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीमची वाट पाहू नका बरं! माझ्या पोटात खेकडे होते. अख्खे नव्हेत, त्यांच्या पायांचे बारीक तुकडे, छोट्या नळ्यांत गोठवलेले.

कारखान्यातून मी थेट एका संशोधक बाईंच्या प्रयोगशाळेत आलो. माझं दार पहिल्यापासून हट्टी. बाई ते कमरेने ढकलून लावायच्या आणि रोज आतल्या खेकड्यांना म्हणायच्या, "झोपा रे बाळांनो." लोक हसायचे. मला मात्र ते ऐकल्याशिवाय चैन पडत नसे.

बाईंना खेकड्यांच्या डीएनएचं वेड. डीएनए म्हणजे जीव घडवणारा मजकूर. खेकड्यात त्यातले तेच ते तुकडे हजारो वेळा येतात. कुठे एकापाठोपाठ दाटीवाटीने, कुठे लांब लांब विखुरलेले. "नुसतं पाल्हाळ!" बाकीचे नाकं मुरडत. बाई म्हणत, "अहो, दर खेकड्यात ही मांडणी जराशी वेगळी असते. का, ते कळायला खेकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत." म्हणून त्यांनी एकाच ओढ्यातले खेकडे वर्षानुवर्षं जमवले. पुढे त्या ओढ्यावर सिमेंट पडलं. ते खेकडे उरले फक्त माझ्या पोटात.

मग बाई आजारी पडल्या. त्यांची नवी विद्यार्थिनी, सगळ्यांची चिमणी, फार गुणी पोर. बाई परतायच्या आत तिने मला लख्ख करायला घेतलं. नळ्यांवरचे एकेका खेकड्याचे आकडे बर्फाने पुसले होते, खेकड्याच्या जातीचं नाव तेवढं दिसत होतं. ती स्वतः झिंग्यांवर काम करायची आणि एकाच झिंग्याच्या पाच-दहा जादा नळ्या करून ठेवायची. तिला वाटलं, ह्याही तशाच. "अगंबाई, सगळ्या एकसारख्याच! एक ठेवली म्हणजे झालं."

मी घरघरलो, थरथरलो. पण यंत्राचं कोण ऐकतं? बाकीच्या नळ्या कचरा जाळायच्या भट्टीत गेल्या.

बाई आल्या. दार उघडून बघतात तर आत एकच नळी.

"बाकीचे कुठे गं?"

"बाई, तेच ते होते, म्हणून..." बोलता बोलताच चिमणीला उमगलं, दर नळीत वेगळा खेकडा होता.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता ह्याच्या शेजारी कोणाला ठेवू?" चिमणी ढसाढसा रडली. मला तर रडताही येत नाही.

मित्रांनो, सारखं दिसलं म्हणून काही फेकू नका. आधी कोणाला तरी विचारा. एवढंच माझं मागणं.

त्या दिवशी बाईंनी नेहमीसारखं कमरेने दार लावलं. "झोपा रे..." म्हणता म्हणता थांबल्या. मग दारावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "झोप रे बाळा."