सावचुकांच्या अंगणातला खोल खड्डा

मी एक जुने फावडे आहे, मित्रांनो, आणि आज माझे डोके फिरलेले आहे. पायाने दाबून माती कापायचे, सरळ पात्याचे फावडे. कॅनडातल्या सास्काटून शहरात सावचुकांच्या गॅरेजमध्ये मी खिळ्याला लटकलेला असतो.

माझे पाते पोलादाचे, दांडा चिवट लाकडाचा. मला गव्हाच्या शेतावर आणले तेव्हा ओरेस्ट सावचुक शाळेत जाणारा पोरगा होता. पुढे तो मोठा झाला आणि चाळीस वर्षे आम्ही दोघांनी कुंपणाचे खांब पुरले. इथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि उथळ पुरलेला खांब वर ढकलून देते, म्हणून खोल खणायचे. ओरेस्टने रोवलेला खांब हलत नाही, असे सगळे म्हणत. मलाही अभिमान वाटे. आता त्याच कौतुकाचा राग येतो.

म्हातारपणी ओरेस्ट आणि त्याची बायको मारुस्या शहरात आले. घरासमोर एल्म जातीचा मोठा वृक्ष होता, तो रोगाने गेला. या सपाट गवताळ मुलखात झाड आपले आपण उगवत नाही. शहरातले प्रत्येक झाड कोणीतरी लावले म्हणून आहे. एल्म गेल्यावर पश्चिमेचे ऊन थेट मारुस्याच्या खुर्चीवर येऊ लागले. तिचे गुडघे कामातून गेलेले, वय एक्याऐंशी. दिवसभर ती त्या खिडकीशीच बसते.

"सावली मिळायची आशा नाही मला," ती ओरेस्टला म्हणाली, "तेवढं आयुष्यच उरलं नाही. पण एक झाड जगलेलं दाखव."

त्याने मेपल आणला. का, तर कॅलेंडरवर लाल पानांचे सुंदर चित्र होते. चित्र दूरच्या, उबदार पूर्वेकडचे. इथे पारा उणे चाळीसवर जातो. पहिल्याच हिवाळ्यात मेपल संपला. मग लिंडनचे झाड आणले. या वेळी निवड बरोबर होती, पण खड्डा मात्र खांबाचा. हातभर खोड मातीत गाडले. मी खणत होतो, मला कळत होते, पण फावड्याला विचारतो कोण?

शेजारच्या ग्लेन्डाने तीस वर्षे शहराची झाडे सांभाळली आहेत. ती कुंपणावरून बघत होती.

"ओरेस्ट, बुंधा कुठे गेला त्याचा?"

"खाली आहे, सुरक्षित. इथला वारा माहीत आहे ना? उथळ लावलं तर उडून तुझ्या अंगणात येईल."

"येऊ दे की. निदान माझ्याकडे जगेल तरी."

तीन उन्हाळे लिंडन कुढत राहिले आणि मेले. ते उपटताना मारुस्या काठी टेकत बाहेर आली. मातीखालची साल पार कुजली होती. मुळे खाली गेलीच नव्हती, हवेसाठी वर वळली होती.

"जीव गुदमरला रे त्याचा," ती म्हणाली. ओरेस्ट नुसताच माझ्या पात्यावरची माती पुसत राहिला.

गेल्या मे महिन्यात ओक आणला. मारुस्या खड्ड्याशी खुर्ची टाकून बसली आणि तिने काठी खड्ड्यावर आडवी ठेवली.

"खोड जिथे मुळांकडे पसरतं, ती जागा काठीच्या वर दिसली पाहिजे."

"ग्लेन्डाने पढवलंय वाटतं तुला."

"हो. तुला पढवून ती दमली."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला वेळेवर थांबवले. खड्डा रुंद झाला, खोल नाही. आठवड्यातून एकदा नळी बारीक सोडून मुळांना पोटभर पाणी मिळू लागले. जुलैत नवी पाने फुटली. मारुस्याने ती खिडकीतून मोजली आणि ग्लेन्डाला हाक मारून आकडा सांगितला, एकोणीस. मला वाटले, सुटलो एकदाचे.

ऑक्टोबरात मारुस्याला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात नेले. दुसऱ्याच दिवशी ओरेस्टने मला खिळ्यावरून काढले. "थंडी वाजेल रे तुला," असे ओकला म्हणत त्याने माझ्याच पात्याने खोडाभोवती गुडघाभर माती चढवली, गुलाबाला चढवतात तशी. प्रेमाने चढवली, हेच तर दुःख आहे. वरून माझ्या पाठीने थोपटून घट्ट दाबली. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

आता एप्रिल संपत आला. बर्फ वितळले, पण माती अजून तशीच आहे. ग्लेन्डा थंडी टाळायला दक्षिणेला गेली आहे, ती परतलेली नाही. मारुस्या लेकीकडे चालायला शिकते आहे. ओरेस्ट रोज त्या ढिगावरच पाणी ओततो आणि फोनवर तिला सांगतो, "झाड छान आहे, काळजी करू नकोस." तो खोटे बोलत नाही. त्याला खरेच तसे वाटते, आणि त्याला सांगायला मला तोंड नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या रस्त्याने कोणी गेलात तर सावचुकांच्या ओकभोवतीची माती बाजूला करा, बुंधा मोकळा दिसेपर्यंत. म्हातारा रागावला तर रागावू द्या. पण लवकर जा, पुढच्या आठवड्यात मारुस्या घरी येते आहे. आणि फावडे शोधत बसू नका. हात पुरतात.