शुक्रीचे लाल हात

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली रखमाबाईंची खानावळ होती, आणि त्या रविवारी तिच्या अंगणात जेवणाऱ्यांपेक्षा बघे जास्त होते. माणसं कुडाला टेकून उभी होती, दोघेतिघे झाडावर चढले होते. मुंबईहून समुद्र बघायला आलेली मंडळीही भाकरी अर्धी टाकून बाहेर आली होती. मधोमध व्याघ्रचर्मावर, म्हणजे पट्टे रंगवलेल्या घोंगडीवर, एक महाराज बसले होते. त्यांच्यापुढे परात होती आणि परातीत स्वच्छ पाणी होतं.

"हे पाणी नाही," महाराज घोगऱ्या आवाजात सांगत होते, "सात समुंदरांची साक्ष आहे. बारा वरस हिमालयात वारा खाऊन मिळवली. निर्दोष माणसाचा हात जैसा के वैसा राहील. भुताळणीच्या हाताला रक्त फुटेल."

हिमालयात वाऱ्यावर राहिलेले हे महाराज बुधवारपासून खानावळीत मुक्कामाला होते आणि एका बैठकीला चार पापलेटं संपवत होते. पण ते बोलून दाखवण्याची त्या दिवशी कुणाची छाती नव्हती.

आधी धोंडू मांगेल्यानं हात बुडवला. रखमाबाईंना मासळी तोच पुरवायचा. त्याचा हात जसाच्या तसा बाहेर आला. मग आणखी सहा पुरुषांनी हात बुडवले, त्यांनाही काही झालं नाही. शेवटी महाराजांनी शुक्रीला पुढे ओढलं. तिनं ओंजळ पाण्यात घातली, आणि बाहेर काढली तेव्हा तिचे तळहात लालभडक झाले होते. बोटांवरून लाल पाणी ठिबकत होतं.

गर्दी दोन पावलं मागे सरली. रखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

शुक्री तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची वारली बाई. नवरा गेल्यावर ती या खानावळीत आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. मसाला वाटावा तर शुक्रीनंच. रखमाबाईंच्या बोंबलाचं आणि वालाच्या बिरड्याचं नाव घोलवड स्टेशनच्या टांगेवाल्यांपर्यंत पोचलं होतं, त्यातलं निम्मं श्रेय तिच्या पाट्याचं होतं.

गेल्या रविवारी मात्र अघटित घडलं होतं. शुक्रीनं हळद-मीठ लावून मडक्यात ठेवलेली मासळी तासाभरानं उघडली, तर तुकडे रक्तात बुडाल्यासारखे लाल. गिऱ्हाइकांनी पाहिलं आणि बातमी वाऱ्यासारखी पसरली. त्याच आठवड्यात धोंडूच्या पोराला ताप भरला आणि उतरेना. मग काय, दोन्हींची गाठ मारायला लोकांना कितीसा वेळ लागतो. डोंगरातली बाई, विधवा, आणि तिच्या हातची मासळी रक्ताळलेली. महाराज बुधवारी आले ते सरळ चुलीपाशी गेले, ते मडकं त्यांनी आतून बोटानं चाचपलं, बोट चाटलं आणि डोळे मिटून म्हणाले, "इथे करणी आहे."

आणि रखमाबाईंनी काय केलं? त्यांनी शुक्रीला सांगितलं, "चार दिवस मासळीला हात लावू नकोस. मसाला तेवढा वाट." त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण अविश्वासही धड बसला नव्हता. शुक्री मसाला वाटत राहिली होती.

"आता काय करायचं, महाराज?" धोंडूनं विचारलं.

"विळा तापवा. दोन्ही हातांना डाग द्या. भूत निघेल, मुलगा उठेल."

कुणीतरी खरंच आत येऊन विळा चुलीत खुपसला. शुक्री पळाली नाही, रडलीही नाही. हातांकडे बघत एवढंच म्हणाली, "मी काय केलू नाय."

रखमाबाईही त्या हातांकडे बघत होत्या. हा लाल रंग आपण पाहिलाय, एकदा नाही, शंभरदा पाहिलाय, असं त्यांना वाटत होतं. कुठे? आणि एकदम आठवलं. धुण्याच्या दगडावर. लुगड्यावर हळदीचा डाग असला आणि त्यावर साबण फिरवला की तो डाग असाच लाल होतो. कुठल्या बाईला हे ठाऊक नाही? मग आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. महाराजांनी सात पुरुषांचे हात बुडवले होते. बाई मात्र एकच बोलावली होती, सकाळपासून हळद वाटत बसलेली.

त्यांनी पदर खोचला. त्या गर्दीतून वाट काढत परातीपाशी गेल्या आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले. सकाळी मासळीला हळद त्यांनीच चोळली होती. हात बाहेर आले ते लाल.

महाराज क्षणभर गडबडले, पण गडी मुरलेला होता. "एक नाही, दोन!" ते ओरडले. "एका छपराखाली दोन भुताळणी!"

गर्दी पुढे सरकली. आता आपलंही खरं नाही, हे रखमाबाईंना कळलं. त्यांनी ओट्यावरचं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि शुक्रीच्या तळहातावर पिळलं. लाल रंग पाहता पाहता पिवळा झाला.

"धोंडू, तू जन्मभर मासे कापलेस. लिंबानं पिवळं होणारं रक्त कधी बघितलंस?"

धोंडूनं नकारार्थी मान हलवली.

"हात कर पुढे." त्यांनी पाट्यावरची हळद आणून त्याच्या तळव्यावर चोळली आणि त्याचा हात परातीत दाबला. मघाशी निर्दोष ठरलेला हात लालभडक होऊन बाहेर आला. मग रखमाबाईंनी परातीतलं पाणी जिभेला लावलं. जीभ चुरचुरली. "चुन्याची निवळी आहे ही. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून ठेवा, वर जे स्वच्छ पाणी येतं ते. त्याला हळद लागली की लाल. महाराज, आता तुमचा हात आणा, हळद लावते."

महाराजांनी हात कफनीत लपवला.

"पण बाय, त्या रविवारची मासळी?" धोंडूनं विचारलं. "तेव्हा तर महाराज नव्हतं."

रखमाबाई आत गेल्या, ते मडकं घेऊन आल्या आणि आतून नखानं खरवडलं. पांढरी पूड निघाली. ते बघून धोंडूच खाली बसला. "हे त नीरेचं मडकं."

दारूबंदीचा काळ होता तो. ताडाची नीरा आंबून ताडी होऊ नये म्हणून मडक्याला आतून चुना फासावा लागे, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नीरेचं एक दुकान नुकतंच बंद पडलं तेव्हा तिथली जुनी मडकी रखमाबाईंनीच आणली होती. "चुन्याची हायेत, बाय," असं शुक्री म्हणाली होती. "धुऊन घे, काही होत नाही," असं उत्तर रखमाबाईंनी दिलं होतं. मातीत मुरलेला चुना धुऊन जातो थोडाच?

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्यांना फार लाज वाटली.

तेवढ्यात महाराज घोंगडी तिथेच टाकून सुरूच्या बनातून पसार झाले. "पोराला आत्ताच्या आत्ता डहाणूला डॉक्टरकडे ने," असं रखमाबाईंनी सांगितलं तेव्हा धोंडू धावतच सुटला. बघे पांगले, मुंबईकर पुन्हा पानावर बसले. कुणीतरी चुलीतला विळा काढून पाण्यात टाकला. शुक्रीची माफी मात्र कुणी मागितली नाही.

रखमाबाई मागच्या दारी गेल्या, तर शुक्री गाठोडं बांधत होती.

"कुठं निघालीस? आता तर सगळं उलगडलं ना?"

"घरी जाते."

"अगं, कुणी तुला काही बोलणार नाही आता."

शुक्रीनं गाठ आवळली. "बाय, तुझं हात लाल झालं म्हणून माझं वाचलं. तू आज हळद लावली नसती, त?"

शुक्री तलासरीच्या रस्त्याला लागली आणि पुन्हा त्या खानावळीत आली नाही.

हळद आणि चुना तुमच्याही घरात असेल. करून बघा, दोन मिनिटं लागतात. त्या अंगणातल्या शंभर-दीडशे माणसांनी ती दोन मिनिटं काढली नाहीत, आणि शुक्रीला अकरा वर्षं ओळखणाऱ्या रखमाबाईंनी ती आठ दिवस काढली नाहीत. कुणी बोट दाखवून दोषी सांगितला, तर विळा तापवण्याआधी आपलेही हात हळद लावून त्याच पाण्यात बुडवून बघा.