थोरले आणि कागदी लिंबू

आष्टीच्या महादेवरावांच्या बागेत विहिरीजवळ संत्र्याचं एक जुनं झाड होतं. ते त्यांच्या वडिलांनी लावलेलं, म्हणून घरात त्याला झाड कोणी म्हणत नसे. थोरले म्हणत. 'थोरल्यांना पाणी दिलं का?' 'थोरल्यांनी यंदा बहार कमीच धरला.' आणि थोरले म्हटल्यावर ते सासऱ्यांच्या जागीच आले. त्यामुळे घरच्या सुना जवळून जाताना पदर घेत आणि मान वर करून बघत नसत. यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

घरात मूल झालं की थोरल्यांच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून जंबेरीच्या, म्हणजे खुंटाच्या आंबट लिंबाच्या, रोपावर बांधायचा आणि ते कलम मुलाच्या नावानं लावायचं, अशी रीत. महादेवरावांच्या मुलाचं, गजेंद्रचं, झाड कुंपणाशी होतं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गजेंद्रला मुलगी झाली, गुंजन. तिच्या नावाचा डोळा हिवाळ्यात बांधायचं ठरलं. जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड होऊन तयार बसलं होतं.

तेवढ्यात कृषी खात्याचे एक साहेब बाग बघायला आले. त्यांनी थोरल्यांचं एक पान तोडून उन्हात धरलं, वाळलेले शेंडे बघितले, लिंबाएवढी राहिलेली फळं बघितली.

"व्हायरस वाटतो," ते म्हणाले. "याला औषध नाही. मावा इकडून तिकडे नेतो, आणि कलमाच्या डोळ्यातून तर सरळच जातो. याची काडी कोणाला देऊ नका. झाड काढून टाका."

महादेवरावांनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन म्हणाले, "एवढा शिकला मानूस, अन् दवाई नाई म्हन्ते. मंग शिकला काय?"

इलाज सुरू झाले. शेणखत झालं. खोडाला चुना-मोरचूद झालं. शेवटी महादेवरावांच्या पत्नीनं, वच्छलाबाईंनी, मीठ-मोहरीनं थोरल्यांची दृष्ट काढली. अर्थात मान खाली घालून.

गजेंद्रची बायको अस्मिता बोरगाव मेघेच्या शिक्षकाची मुलगी. तिनंही थोरल्यांना कधी नीट पाहिलं नव्हतं. पायाखाली पडलेल्या पानांवरूनच काय ती ओळख. ती पानं रोज वाढत होती, आणि पिवळी होती. झाडाला झालं की लेकराला होतं, असलं काही ती मानत नव्हती. पण गुंजन दूध पिता पिता झोपली, तिची मूठ सैल झाली, की हा न मानलेला विचार येऊन शेजारी बसे. आपल्या लेकीच्या नावाचं झाड जन्मालाच आजारी का यावं?

"मामाजी," ती एकदा सासऱ्यांना म्हणाली, "साहेब चहा पिताना एक सांगून गेले. कागदी लिंबाच्या रोपावर थोरल्यांचा डोळा बांधा आणि शेंडा छाटा. रोग असला तर लिंबाच्या नव्या पानांच्या शिरा उजेडात फिक्या दिसतात. तोवर गुंजनचं थांबवू."

"थोरल्यायची परीक्षा घेतं काय तू?"

"नाही. लिंबाची."

महादेवरावांनी विचार केला. लिंबाची परीक्षा घ्यायला त्यांची हरकत नव्हती.

"पन डोळा मीच बांधीन," ते म्हणाले. "थोरल्यायले दुसऱ्याचा हात नाई लागला कधी."

दोन कुंड्या ओसरीवर आल्या. एकीतल्या लिंबावर डोळा बांधला, दुसरीतलं नुसतंच ठेवलं, म्हणजे फरक कळावा. मावा बसू नये म्हणून दोन्ही कुंड्यांवर गुंजनची छत्रीची मच्छरदाणी गेली. गुंजन आईच्या पदराखाली झोपू लागली. येणारेजाणारे मच्छरदाणीत डोकावत, आणि आत लिंबू बघून "मोठी झाली हो!" म्हणायचं राहून जाई.

"काय महादेवराव, नात कुठी हाये?"

"आत हाये. हे वेगळं हाये," महादेवराव सांगत.

हिवाळा सरता सरता दोन्ही लिंबांना पालवी फुटली. महादेवरावांनी मच्छरदाणी उचलली आणि डोळा बांधलेल्या लिंबाचं पान उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"उजेड कमी हाये."

कुंडी अंगणात आणली.

"चष्मा पुसून दे."

गजेंद्रनं चष्मा पुसून दिला. मग त्यांनी वच्छलाबाईंना बोलावलं. बाईंनी एक पान या लिंबाचं धरलं, एक त्या लिंबाचं. नुसत्या लिंबाच्या शिरा सलग हिरव्या. डोळा बांधलेल्याच्या तुकड्यातुकड्यांनी फिक्या, टाके उसवल्यासारख्या.

"मले तं दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "तुमाले काऊन नाई दिसत?"

"थोरल्यायवर नाई दिसलं कधी तुले?"

"वर पाह्यलं कवा मी? तुमीच तं सांगतलं होतं, खाली पाहून चालजो."

पानं बघायचं काम नेमकं कोणाचं होतं, हे घरात आजवर ठरलंच नव्हतं. पुरुष फळं बघत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्यांवर मावा मारायची फवारणी केली, म्हणजे पाडताना तो उडून बागेत पसरणार नाही. कुऱ्हाड आणायच्या आधी त्यांनी सासूसुनेला विहिरीपाशी बोलावलं.

"पाहून घ्या आता. वर पाहा."

अस्मितानं गुंजनला कडेवर सावरून वर बघितलं. थोरले तिला वाटत होते त्याहून बरेच लहान होते. गुंजननं हात पसरला. महादेवरावांनी फांदी वाकवली आणि तिच्या मुठीत एक पान येऊ दिलं.

थोरले आणि त्यांच्याच डोळ्याचं गजेंद्रचं झाड पाडून झाल्यावर महादेवराव आंजीला सासुरवाडीला गेले. तिथल्या दोन झाडांना थोरल्यांची काडी त्यांनीच नेली होती. परत आले ते चिडून. मेहुणा म्हणाला होता, तुमच्या हातचं शकुनाचं हाये, मी नाई पाडत. "पुन्हा जाईन," महादेवराव म्हणाले. "दुसरं लिंबू घेऊन जाईन."

गुंजनच्या झाडाचा डोळा तपासलेल्या मातृवृक्षावरचा आला, रोपवाटिकेतून.

"कोन्या घरचा हाये?" महादेवरावांनी विचारलं.

"तपासलेला आहे, मामाजी."

"हं."

त्यांनी तो डोळा थोरल्यांचा बांधत तेवढ्याच निगुतीनं बांधला. पट्टीचं टोक दाबून म्हणाले, "या झाडापुढं पदर घ्याचा नाई कोनी. सगळ्यायनं पानं पाहाची. गुंजननंबी."

संध्याकाळी वच्छलाबाई पाण्याला निघाल्या. विहिरीजवळ आता नुसता खड्डा होता. तिथं पोचताच त्यांचा हात आपसूक पदराकडे गेला आणि मान खाली झाली.

"आई, आता..." अस्मिता म्हणाली.

"राहू दे," महादेवराव ओसरीवरून म्हणाले. "आज घेऊ दे तिले."