आंदणाची गाडी

बिश्केक ते नारीन भाड्याची गाडी चालवणाऱ्या माणसाला खोटं बोलण्याची सवय असावीच लागते. "बसा, निघालोच" हे वाक्य शेरगाझी रोज सकाळी दिसेल त्या उतारूला ऐकवायचा आणि मग गाडी भरेपर्यंत तासभर चहा पीत बसायचा. पण विहीणबाईंसमोर बोलायचं खोटं ही विद्या वेगळी. गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकात बसून घाट चढेपर्यंत त्याला असं एकही धड जमलं नव्हतं.

"टायर बदलून देतो म्हणा," ट्रक चालवणाऱ्या वित्याने सुचवलं.

"टायर बदलायला अख्खी गाडी कोण ट्रकवर चढवतं?"

"मग रंग द्यायचाय म्हणा."

"गाडी पांढरी आहे. पांढऱ्यावर पांढरा देऊ?"

"मग खरंच सांगा की!" वित्या म्हणाला. तो शहरातला, वर बिनलग्नाचा. त्याला काय कळणार?

झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी स्टँडवरच्या सोवेत नावाच्या गाडीवाल्याला अपघात झाला. अपघात तरी कसला! बाजाराच्या वळणावर पुढच्या गाडीला जरासा धक्का लागला, बंपरला पोचा आला. एवढ्यावर दोघं भांडून, एकमेकांच्या सात पिढ्या काढून आपापल्या वाटेने गेले असते. पण सोवेतच्या स्टिअरिंगमधली एअरबॅग उघडली, आणि तिला फुगवणारी लोखंडी डबी जुनी होऊन आतून नासलेली होती. डबीच फुटली. तिचा एक तुकडा सोवेतच्या डोळ्यात गेला. डोळा गेला, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, वीतभर खाली लागला असता तर गळा होता.

मग स्टँडवर हळूहळू उलगडा झाला. गाडी बनवणाऱ्या जपानी कंपनीने हा दोष केव्हाच जाहीर केला होता. अमक्या अमक्या सालच्या गाड्या परत आणा, डबी फुकट बदलून देतो, असं मालकांना घरपोच कळवलंही होतं. फक्त ते मालक जपानात. त्यांनी गाड्या कधीच विकल्या होत्या, आणि त्या समुद्र ओलांडून, आगगाडीने, ट्रकने बिश्केकच्या बाजारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ज्यांना कळवलं त्यांच्याकडे गाडी नाही, आणि ज्यांच्याकडे गाडी त्यांना कोणी कळवलेलं नाही. वरून बाजारात विकणारे इतके हुशार, की एअरबॅगचा लाल दिवा पेटत असला तर तो विझवून देतात. दिवा विझला की दोष गेला, असं मानणारी आपली जात.

सोवेतच्या पुतण्याने कंपनीचं पान फोनवर शोधून काढलं. गाडीचा सांगाड्यावरचा नंबर त्यात घातला की उत्तर येतं. त्या दिवशी स्टँडवर परीक्षेच्या निकालासारखी गर्दी झाली. शेरगाझीची स्वतःची गाडी निर्दोष निघाली. त्याने आनंदाने सगळ्यांना चहा पाजला, आणि आपला पेला तोंडाला लावतो न लावतो तोच त्याला बेरमेतची गाडी आठवली.

बेरमेत त्याची एकुलती एक लेक. लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर कोचकोरजवळच्या गावात, नोकरी कोचकोरच्या इस्पितळात नर्सची, म्हणून त्याने आंदणात गाद्या-गालिच्यांच्या वर एक गाडी दिली होती. दहा जणांना दाखवून, बाजार पालथा घालून घेतलेली गाडी. तिच्या कागदाचा फोटो अजून त्याच्या फोनमध्ये होता. त्याने नंबर घातला. खाली जपानी अक्षरांची लाल ओळ उमटली. फोननेच तिचा अर्थ सांगितला: ही गाडी दोषाच्या यादीत आहे, दुरुस्ती झालेली नाही.

त्याने तिथूनच लेकीला फोन लावला. ती हसली. "बाबा, गाडी काय छान पळतेय."

"पळू देऊ नको. उभी कर."

"आणि आईंना काय सांगू? माझ्या बाबांनी दिलेल्या वस्तूत खोट निघाली? इथे सुनांच्या आंदणातल्या गाद्या उसवून आतली लोकर बघतात, बाबा! मी हळू चालवीन ना."

त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी केला. ती हळू चालवतच होती. कंपनीच्या बिश्केकमधल्या दुरुस्तीकेंद्रात गेला, तर तिथला माणूस म्हणाला, हळू-जोरात हा प्रश्नच नाही, ती चालवूच नका. ट्रकवर घालून आणा. डबी जपानहून मागवावी लागेल, दोनेक महिने गाडी इथेच राहील, खर्च काही नाही.

खर्च काही नाही! त्या बिचाऱ्याला काय माहीत. आंदण सासरच्या दारातून बाहेर पडतं ते एकाच कारणाने. लग्न मोडलं, की मुलीच्या माहेरचा ट्रक येतो. गाद्या, पेटारा, भांडी, सगळं त्यात चढतं आणि शेवटी मुलगी चढते. सारा गाव फाटकांत उभा राहून बघतो. शेरगाझीने लहानपणी शेजारच्या घरी असा ट्रक आलेला पाहिला होता. ती मुलगी पुढे कधी मान वर करून बाजारात गेली नाही. आता तोच ट्रक घेऊन तो आपल्याच लेकीच्या दारी निघाला होता. इकडे आड, तिकडे विहीर. आणि विहिरीच्या काठावर विहीणबाई.

विहीणबाईंचं नाव बुरुलचा. त्यांची जीभ कात्रीसारखी. मालक आणि मुलगा उन्हाळाभर घोडे-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर, त्यामुळे घरात सध्या सासू आणि सून दोघीच. गाडी सुरू केली की आतून एक जपानी बाई काहीतरी बोलायची. काय बोलते ते कोणालाच कळत नसे, पण बुरुलचा तिला आपली थोरली सून म्हणत. "बघा, ही परदेशातली पोर असून रोज सकाळी न चुकता बोलते," असं त्या गाडीकडे बघून म्हणत आणि रोख बेरमेतवर असे. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. पण हे सांगताना बेरमेत फोनवर खदखदून हसायची, म्हणून शेरगाझीला त्या घराची काळजी नव्हती. लेक सुखात होती. म्हणूनच तर भीती होती.

ट्रक फाटकाशी थांबला. समोरच्या बाकावरच्या ताश्तान म्हाताऱ्याने आधी तो ट्रक बघितला, मग त्यावर काहीच नाही हे बघितलं, मग उतरणाऱ्या शेरगाझीला बघितलं, आणि टोपी सरळ करून नीट बसला.

"या व्याही, या!" बुरुलचा फाटकात आल्या. "एवढा मोठा ट्रक? मेंढ्या पाठवताय की काय आम्हाला?"

"नाही, सहजच... इकडून चाललो होतो."

"ट्रक घेऊन सहज? बरं, आधी आत या. तोंडात काही घातल्याशिवाय माझ्या घरात कोणी बोलत नाही."

ओसरीवर जेवणाचं दस्तरखान पसरलं गेलं. पाव, साय, जर्दाळूचा मुरांबा, चहा. बेरमेत चहा ओतत होती आणि बापाकडे बघत नव्हती. तिने ट्रक पाहिला होता. वित्या मजेत सायीत पाव बुडवून खात होता. शेरगाझीने पावाचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि तो नुसता चघळत बसला.

"सूनबाई, अशी काय उभी?" बुरुलचा म्हणाल्या. "बाप आलाय तुझा. पळ, कोचकोरहून खरबूज आण चांगलं बघून."

बेरमेत किल्ली घेऊन निघाली. शेरगाझी अजून शब्द जुळवत होता. टायर, रंग, टायर. अंगणात दार लागल्याचा आवाज आला. मग ती जपानी बाई बोलू लागली.

तो अनवाणीच धावला. पावाचा तुकडा तोंडातच होता. फाटकाकडे निघालेल्या गाडीसमोर तो दोन्ही हात पसरून उभा राहिला. बेरमेतने करकचून ब्रेक दाबला.

"उतर!" तो ओरडला. "उतर खाली, आत्ताच्या आत्ता!"

बेरमेत उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा, एवढा राग? मला न्यायला आलात का?"

मागून बुरुलचा आल्या. आवाज एकदम खाली आला होता, आणि तेच वाईट. "व्याही, माझ्या अंगणात माझ्या सुनेला उतर म्हणताय. काय ऐकलंत आमच्याबद्दल? वर्षभरात तिला एक वावगा शब्द लागला असेल तर सांगा. जीभ माझी तिखट आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण पोरीला मी उपाशी ठेवलं?"

"टायर," शेरगाझी म्हणाला. त्याला रडू येत होतं, आणि ते त्याने येऊ दिलं. मग त्याने सगळं सांगितलं. सोवेतचा डोळा, लोखंडी डबी, लाल ओळ. "मी माझ्या हाताने माझ्या पोरीला हे दिलंय, विहीणबाई. तिच्या छातीसमोर बसवून दिलंय."

बुरुलचा गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "या चाकांना मी मेंढ्याचं रक्त लावलंय. मौलवींनी हात वर करून दुवा दिलीय हिला."

"बाहेरून येणाऱ्या संकटाला ती लागू पडते. हे आत आहे."

"मग गावातला आमचा कुबात एक तार उपटून देईल. गॅरेज आहे त्याचं."

"उपटताना त्याच्याच तोंडावर फुटेल ती. आणि उपटली तरी उद्या खरा अपघात झाला तर हिला वाचवायला काय उरलं?"

बुरुलचा डाव्या बाजूच्या दाराला हात लावून म्हणाल्या, "मी इथे बसते. माझ्यासमोरही आहे का तसलं?"

"नाही. खराब आहे ती फक्त चालवणाऱ्याची."

"म्हणजे लागलं असतं ते हिलाच." बुरुलचांनी सुनेकडे पाहिलं. "रोज हिच्या शेजारी बसते मी. जरा जोरात हाण, गाय तरी पुढे जाते, असं म्हणते. आणि मी शेजारी बसून बघितलं असतं. मला काहीसुद्धा झालं नसतं."

बेरमेत रडायला लागली. "आई, मला आधीच माहीत होतं. तुम्हाला सांगायला लाज वाटली."

"मेल्ये, लाज?" बुरुलचांनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली, आणि मग तोच दंड त्यांनी बराच वेळ सोडला नाही. "आंदण मला पुढच्या सुनेचंही मिळेल. तुला कुठून आणू?"

वित्याने गाडी ट्रकवर चढवून साखळ्या आवळल्या. तोवर समोरच्या फाटकांत माणसं गोळा झाली होती. शेरगाझीने मान खाली घातली. एवढ्यात बुरुलचा घरातून बाहेर आल्या. लग्नात घातलेला मखमली डगला, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल. त्या ट्रकच्या पायरीवर चढू लागल्या.

"विहीणबाई, तुम्ही कुठे?"

"बिश्केकला. वस्तू तिची, पण घर माझं. सासू सोबत असलेलं आंदण परत चाललंय असं म्हणायची कोणाची छाती आहे ते बघू. सूनबाई, गाई दोहून घे! आणि फाटकातच उभी राहा, सगळ्यांना दिसशील अशी!"

ट्रक निघाला, तो दहा पावलांवर थांबवावा लागला. ताश्तान म्हातारा रस्त्याच्या मधोमध आला होता.

"काय बुरुलचा वहिनी, आंदण चाललं? पोरगी मागून येणार वाटतं?"

"डोळे गेले का, भावोजी? पोरगी ती तिथे उभी आहे. गाडी दवाखान्यात चाललीय. पोटात लोखंड आहे तिच्या." आणि बुरुलचांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती कहाणी सांगितली, डोळ्यासकट, गळ्यासकट. व्याह्यांनी दिलेल्या वस्तूत खोट होती हेही सांगितलं, आणि ती खोट सांगायला हा माणूस घाट चढून आला हेही सांगितलं. शेरगाझीला वाटलं, आपण आयुष्यात इतके उघडे कधी पडलो नव्हतो आणि इतके हलकेही झालो नव्हतो.

"हात्तिच्या!" म्हातारा हसला. "आमच्या नातवाचीही अशीच आहे, पांढरी. रोज बिश्केकला उतारू नेतो. मजबूत गाडी."

"कोणत्या सालची?" शेरगाझीने विचारलं.

म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने हसत हसतच नातवाला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. गाडीच्या आवाजातून पोराने एका हाताने कागद धरून नंबर वाचून दाखवला, आणि मागून उतारूही हसले. शेरगाझीने एकेक अक्षर दाबलं.

लाल ओळ उमटली. तिचा अर्थ फोनला विचारायची गरज नव्हती. तिचं वळण त्याला पाठ झालं होतं.

त्याने मान वर केली. ताश्तान त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याचं हसू आपोआप मावळलं. त्याने फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"बाळा, गाडी बाजूला घे."

"का आजोबा? काय झालं?"

"काही झालं नाही," म्हातारा म्हणाला. "अजून काही झालेलं नाही, म्हणून सांगतोय. थांब."