कोरे सहा दिवस

"चारच मांजरं ठेवता येतात, सिस्टर. तुमच्याकडे अकरा आहेत," पालिकेचा निरीक्षक दारातूनच म्हणाला.

"मोजून झालं असेल तर आत या. चपला बाहेर काढा."

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे, आणि आवाजही अजून वॉर्डातलाच होता. तक्रार वरच्या मजल्यावरच्या सख्ख्या भावाने केली होती. वासाने म्हणे त्याचं डोकं उठायचं. त्याच्या आजारपणात महिनाभर त्याची घाण कुणी काढली होती, हे सिस्टरनी बोलून दाखवलं नाही.

भिंतीलगत अकरा खोकी, प्रत्येकावर टाचलेला तक्ता: खाणं, औषध, वेळ, सही. चार मांजरं धडधाकट, बाकीची आंधळी, लंगडी, गाडीखाली सापडलेली. तक्ते पाहून हा माणूस गार होईल, या खात्रीने सिस्टरनी ते स्वतःच काढून त्याच्या हातात दिले. तिथेच घात झाला.

"यात सहा दिवस कोरे आहेत."

"ताप होता हो मला. भिंत धरून धरून खायला घातलं त्यांना."

"आणि औषध?"

"दिलं की. बहुतेक सगळ्यांना."

"लिहिलेलं नाही."

लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हे शिकाऊ पोरींना सिस्टरनी एकतीस वर्षं घसा फोडून सांगितलं होतं. एकीला तर रडेपर्यंत झापलं होतं.

"मग ही चार ठेवते," त्यांनी आंधळीचं खोकं पुढे ओढलं. "हिला, या लंगडीला... यांना दुसरं कोण घेणार?"

"आजारी सात न्यावीच लागतील. दुर्लक्षाची केस होते. धडधाकट चार ठेवा."

"धडधाकटांना माझं काय काम?"

"नियम आहे, सिस्टर."

"यांचं काय कराल?"

"डॉक्टर बघतील," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

हे वाक्य सिस्टरनी हाताबाहेर गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आयुष्यभर ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून द्यायला नको होता. त्यांना निरीक्षकाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

सात पिंजरे गाडीत चढले. तक्तेही गेले, पुरावा म्हणून. वरची खिडकी हळूच बंद झाली.

चार वाजले. औषधाची वेळ. सिस्टरनी सवयीने हात धुतले, ड्रॉपर भरला आणि मग तशाच उभ्या राहिल्या. धडधाकट चौघं केव्हाच कुंपणावरून पसार झाली होती. त्यांनी एक कोरा कागद घेतला, वेळ टाकली, पुढे लिहिलं, 'औषध दिलं नाही', आणि खाली सही केली.